दातांची सफेदी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की आमच्या जुन्या वाड्यात दोन गोष्टी पांढऱ्या करण्याची धांदल उडे : भिंती आणि वडिलांची धोतरे. भिंतींसाठी चुनकळी आणून ती पिंपात भिजत घालीत. पाणी पडताच ती अशी काही खदखदे, की आम्ही मुले ओसरीवरूनच ती मजा पाहत असू. चुना निवला, गाळून झाला, की वडील त्यात थोडी नीळ टाकीत. आणि दुसऱ्या दिवशी आई धोतरांच्या शेवटच्या पाण्यात तीच नीळ कालवी. "पांढऱ्यात निळं कशाला?" असे मी एकदा विचारले. "त्याशिवाय पांढरं पांढरं दिसत नाही," असे उत्तर मिळाले. पुढे छत्तीस वर्षे मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवले; पण इतके आटोपशीर उत्तर मला वर्गात कधी देता आले नाही.

त्या धांदलीत दातांची आठवण कोणालाच होत नसे. दात घासायचे ते राखुंडीने, नाहीतर माकडछाप काळ्या पावडरीने. ते स्वच्छ असावेत, किडू नयेत, म्हातारपणीसुद्धा त्यांनी सुपारी फुटावी, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. त्यांनी पांढरेशुभ्र असलेच पाहिजे, असा हट्ट मी तरी त्या वाड्यात ऐकला नाही.

आता आमच्या घरात माणसे पाच आणि टूथपेस्टच्या ट्यूबा सात. मुलाची पुदिन्याची, सुनेची लवंगेची, नातवाची स्ट्रॉबेरीच्या वासाची आणि सौभाग्यवतींची आयुर्वेदिक. मी सौभाग्यवतींच्यातलीच घेतो. उरलेल्या तीन कुणाच्याच नाहीत आणि म्हणून सगळ्यांच्या आहेत. कारण त्या दात पांढरे करणाऱ्या आहेत. एकीवर हिऱ्याचे चित्र आहे, दुसरीवर बर्फाच्या डोंगराचे, आणि तिसरी आतून-बाहेरून काळी ठिक्कर! तिच्यात कोळसा आहे. आजीच्या चुलीत जो फुकट मिळे, तोच आता चकचकीत खोक्यात घालून विकायला आला आहे. "एवढ्या पैशांत माजघराला सफेदी झाली असती," असे सौभाग्यवतींचे मत आहे, आणि हिशेबाच्या बाबतीत त्या सहसा चुकत नाहीत.

तसे पाहिले, तर माणसाला दातांचा कोणता रंग आवडावा, याचा काही नेम नाही. आमच्या आजीच्या आजेसासूबाई दातांना दातवण लावीत, असे आजी सांगे. दातवण लावायचे ते दात पांढरे करायला नव्हे, काळे करायला! सवाष्णीचे काळेभोर दात हे त्या काळी सौभाग्याचे आणि रूपाचे लक्षण समजत. जपानातही तोच प्रकार होता. तिथे त्याला ओहागुरो म्हणत. १८७० साली तिथल्या सरकारने सरदार-घराण्यांना त्याची बंदी केली, तेव्हा कुठे ती रीत ओसरू लागली. उलट रोमन लोकांना पांढऱ्या दातांचे फार वेड. कॅटलस नावाच्या त्यांच्या कवीने एग्नेशियस नावाच्या एका सदा दात दाखवणाऱ्या गृहस्थाची टर उडवली आहे. याचे दात इतके चकचकीत का, तर त्याच्या मुलखात सकाळी कशाने दात घासतात ते पाहा, असा त्या टवाळीचा रोख. फराळाच्या वेळी सांगू नये, पण ते द्रव्य म्हणजे स्वतःचेच मूत्र. त्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनिया मळ काढतो, हे खरे आहे. पण शास्त्र खरे असले म्हणून प्रत्येक गोष्ट करून पाहायलाच हवी, असे नाही.

एरवी मी फळीवरच्या त्या ट्यूबांकडे पाहून हसलो असतो आणि विसरूनही गेलो असतो. पण २०१९ च्या दिवाळीला माझी भाची आमच्याकडे राहायला आली.

माझी धाकटी बहीण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिली आहे. तिची ही थोरली मुलगी. तेव्हा तेवीस वर्षांची होती. बँकेच्या नोकरीची मुलाखत पुण्याला होती, म्हणून दिवाळी आमच्याकडे करून मग ती जाणार होती. लहानपणी ही पोरगी घर डोक्यावर घेई. आता मात्र बोलायची ते मान खाली घालून, आणि हसू आले की ओढणीचे टोक तोंडाशी जायचे. सकाळी न्हाणीघराचे दार वीस-वीस मिनिटे बंद. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवती मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वन्संच्या मुलीच्या चुळीत रक्त पडतंय. तुम्ही मामा आहात, विचारा तरी."

मी विचारले. बराच वेळ ती गप्प राहिली. मग तिने आतून एक पिशवी आणली आणि माझ्यासमोर रिकामी केली. पांढरे करणाऱ्या दोन ट्यूबा, खाण्याच्या सोड्याची पुडी, लिंबू, कोळशाची डबी आणि कडक केसांचा एक ब्रश. ओढणी बाजूला करून तिने दात दाखवले. समोरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते, उजवीकडे आणि डावीकडे अगदी सारखे.

"मामा, तुम्ही रसायनशास्त्र शिकवलंत ना? मग सांगा, या ट्यूबेत असं काय असतं, की सगळ्यांचे दात पांढरे होतात आणि माझेच होत नाहीत? मी कमी घासते का?"

हा शेवटचा प्रश्न माझ्या मनाला लागला. चार वर्षे ही मुलगी रोज स्वतःलाच दोष देत दात घाशीत होती. त्या रात्री मी भिंग घेऊन बसलो आणि फळीवरच्या सातही ट्यूबांची बारीक अक्षरे वाचून काढली. माहीत नव्हते ते पुस्तकांत पाहिले.

पहिल्याच ट्यूबेत जुना ओळखीचा भेटला : कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे आमच्या भिंतीवरची सफेदीच! ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वाळतो, तेव्हा त्याचे हेच होते. फरक एवढाच, की भिंतीवर तो बसतो आणि खालचे डाग झाकतो. दातावर तो बसत नाही. घासला जातो आणि चुळीबरोबर निघून जातो. जाताना मात्र आणखी कोणाला तरी बरोबर घेऊन जातो, आणि तेच त्याचे काम.

तो कोणाला नेतो, हे समजायला दातावर काय असते ते पाहायला हवे. दात कितीही स्वच्छ घासा, काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा त्यावर पुन्हा धरतो. चहाकॉफीतले टॅनिन, तंबाखू, विडा यांचा रंग याच पापुद्र्यात मुरतो. क्लॉड हॉपकिन्स नावाच्या एका अमेरिकन जाहिरातदाराने विसाव्या शतकाच्या आरंभी या पापुद्र्याच्या जिवावर पेप्सोडेंट खपवली. दातांवरून जीभ फिरवून पाहा, तुम्हांला एक थर लागेल, असे तो लोकांना सांगे. ज्याने जीभ फिरवली त्याला थर लागला. लागणारच! तो सगळ्यांनाच असतो. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या डोक्याला केस असल्याची बातमी द्यावी, त्यातलीच ही गोष्ट. पण ट्यूबा मात्र खपल्या.

पांढरे करणाऱ्या पेस्टेत हा घासणारा ऐवज साध्या पेस्टेपेक्षा बहुधा जास्त किंवा जरा कडक असतो. बऱ्याच ट्यूबांत चुन्याऐवजी हायड्रेटेड सिलिका असते. वाळूच्याच कुळातली, पण मऊ केलेली. जोडीला काही फॉस्फेटे असतात. ती डाग सैल करतात आणि नवा डाग चटकन बसू देत नाहीत. एकीत पपईतले पपेन निघाले. ते पापुद्र्यातली प्रथिने कुरतडते. फेस आणणारे द्रव्य सगळ्यांतच असते. पण फेसाने दात पांढरे होत नाहीत. आपण काहीतरी जोरात करतो आहोत, एवढे समाधान मिळते. पेस्टेला स्वतःला दुधासारखा रंग येतो तो पुष्कळदा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. तोही पेस्ट पांढरी करतो, दात नव्हे.

आता कोणी म्हणेल, घासून डाग जातो, तर जास्त घासावे. इथेच खरी गोम आहे. दातावरचे इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. कठीणपणाच्या मोजपट्टीवर ते पाचाच्या आसपास येते आणि खडू तिनावर. म्हणून चांगली पेस्ट त्याला सहसा ओरखडत नाही. पण हिरडी खाली सरकली, की दाताची मुळाकडची बाजू उघडी पडते. ती मऊ असते आणि घासून झिजते. पेस्ट किती खरखरीत आहे हे मोजण्याची एक मोठी कौतुकाची रीत आहे. दाताचे तुकडे किरणोत्सारी करून घेतात, ते त्या पेस्टेने घासतात, आणि निघालेल्या भुकटीतला किरणोत्सार मोजतात. ठरावीक प्रमाण-पुडीला १०० धरतात आणि २५० च्या वर पेस्ट असू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. लिंबू आणि कोळसा यांना मात्र असला दंडक कोण लावणार? लिंबाचे आम्ल इनॅमल मऊ करते आणि त्यावर लगेच ब्रश चालवला, की ते जाते. गेलेले परत येत नाही. कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात. कोळशाच्या पेस्टेने दात पांढरे होतात याला भरवशाचा पुरावा नाही, असे अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या मासिकात २०१७ साली छापून आले. आजीची राखुंडी बोटाने लागे, हे त्यातल्या त्यात बरे होते.

तिसरी ट्यूब वाचताना मात्र मला वडील भेटल्यासारखे झाले. तिच्यात चक्क नीळ होती! नाव मोठे : ब्लू कोव्हरीन. दातावर तिचा अगदी पातळ निळसर थर बसतो; दाताचा पिवळेपणा आणि तो निळा मिळून डोळ्याला पांढऱ्याचा भास होतो. घासल्या घासल्या फरक दिसतो, तो यामुळे. काही तासांनी लाळेबरोबर नीळ धुऊन जाते आणि दात होता तसा. धोतराला तरी ती पुढच्या धुण्यापर्यंत टिके! पण यात लबाडी आहे, असे मी म्हणणार नाही. लग्नात फोटो काढून घ्यायचे असतील, तर तेवढा वेळ पुरे असतो.

राहिले हायड्रोजन पेरॉक्साइड. हा खरोखरीच आत शिरून रंगाचे कण फोडतो. १९८९ साली हेवूड आणि हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनी याच कुळातल्या दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची रीत प्रसिद्ध केली : दातांच्या मापाचे पातळ साचे करायचे, त्यांत औषध भरायचे आणि रात्री ते घालून निजायचे. असे आठवडेच्या आठवडे केले, की दात उजळतात. म्हणजे औषधाला रात्रभराचा मुक्काम लागतो. पेस्ट तोंडात राहते दोन मिनिटे, तीही लाळेत पातळ होऊन! शिवाय जोरकस औषध असे कोणाच्याही हाती द्यायला सरकारे तयार नाहीत. युरोपात २०१२ पासून नियम आहे, की दुकानात सरसकट विकायच्या वस्तूत पेरॉक्साइड ०.१ टक्क्याच्या वर नसावे. त्याहून जास्त, सहा टक्क्यांपर्यंत, ते दंतवैद्याच्या देखरेखीखालीच. दात शिवशिवू लागतात, हिरडी भाजते, म्हणून ही काळजी.

मग ही पांढरे करणारी पेस्ट खोटी म्हणायची का? तसे नाही. चहाने, तंबाखूने दात काळवंडले असतील, तर दोन ते सहा आठवड्यांत तिने ते थोडे उजळतात. पण उजळतात म्हणजे आपल्या मूळ रंगाकडे परत येतात, त्याच्या पलीकडे जात नाहीत. आणि मूळ रंग तरी कुठे पांढरा असतो? इनॅमल असते काचेसारखे अर्धपारदर्शक. आपल्याला दिसतो तो त्याच्या आतल्या डेंटीनचा पिवळसर रंग. वयाबरोबर इनॅमल झिजते, डेंटीन जाड आणि गडद होते, आणि सत्तरी उलटलेल्या माझ्यासारख्याचे दात जुन्या हस्तिदंतासारखे होतात. म्हणजे पांढरे करण्याच्या नादात जो इनॅमल झिजवतो, तो आतला पिवळा रंगच वर आणतो. दंतवैद्याकडे दातांच्या छटा जुळवायची एक पट्टी असते. तिच्यात सोळा छटा असतात, पण जाहिरातीतल्या दातांची छटा तिच्यात शोधून सापडायची नाही.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी हे सारे भाचीला सांगितले. ती नीट ऐकत होती. मग म्हणाली, "पण मामा, मी चहाच घेत नाही."

तेही खरेच होते. तिच्या दातांवरचे डाग पिवळे नव्हते, तपकिरी होते. आणि वर बसलेले नव्हते, आतच होते. मी विचारले, "तुझ्या मैत्रिणींचे दात कसे आहेत?"

"आमच्या गावात सगळ्यांचे असेच आहेत," ती म्हणाली. "बाहेरून आलेल्या सुनांचे तेवढे पांढरे."

हे वाक्य ऐकले आणि मी कप खाली ठेवला. हीच गोष्ट मी आदल्या रात्री पुस्तकात वाचली होती, तीही अमेरिकेतली! १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना घालायला गेला, तर तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग. तिथेच जन्मलेल्यांना डाग; बाहेरून मोठेपणी आलेल्यांना नाहीत. घासून ते जात नसत. कोणी म्हणे डुकराचे मांस जास्त खाल्ल्याने, कोणी म्हणे वाईट दुधाने. मॅकेने या डागांचा तीस वर्षे पिच्छा पुरवला. १९०९ मध्ये जी. व्ही. ब्लॅक हा त्या काळचा सर्वांत नामांकित दंतशास्त्रज्ञ त्याच्या मदतीला आला. डाग पडलेले हे दात किडत फार कमी, हे एक नवलच त्यांना दिसले. अखेर १९३१ साली उलगडा झाला. अॅल्युमिनियमच्या एका मोठ्या कंपनीत एच. व्ही. चर्चिल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. कंपनीच्या वसाहतीतल्या मुलांच्याही दातांवर असेच डाग होते, आणि लोक त्याचा दोष अॅल्युमिनियमच्या भांड्यांना देतील, ही त्याला धास्ती. त्याने तिथले पाणी बारकाईने तपासले आणि त्यात सापडले फ्लोराइड. भांडी निर्दोष सुटली.

आपल्याकडेही हे नवे नव्हे. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात पाण्यातल्या फ्लोराइडचा उपद्रव नोंदवला गेला. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या आपल्या जिल्ह्यांतही अशी गावे आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव खोल बोअर खणले गेले. त्यांनी लोकांची तहान भागवली, हे विसरून चालणार नाही. पण काही ठिकाणी खोल खडकातले हे द्रव्यही पाण्याबरोबर वर आले. पाणी दिसायला स्फटिकासारखे असते. त्याला ना वास, ना चव. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. त्याहून जास्त असलेले पाणी मूल वर्षानुवर्षे प्याले, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दाताचे इनॅमल कच्चे राहते, आणि दात वर आल्यावर त्यात तपकिरी रंग मुरतो. पाण्यात याहून फारच जास्त असेल, तर पुढे हाडेही धरतात. गंमत अशी, की हेच फ्लोराइड, किडीपासून दात राखायला, भाचीच्या दोन्ही ट्यूबांत घातलेले होते. तिथे ते दाताला वरून लागते आणि थुंकून टाकायचे असते, म्हणून चालते. आमचा नातू मात्र स्ट्रॉबेरीच्या वासाची पेस्ट चाटून खातो, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले आणि त्याची ट्यूब मी वरच्या फळीवर नेऊन ठेवली. त्याच्या वयाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

भाऊबीज झाली आणि मी भाचीला दंतवैद्यबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी एकदाच पाहिले आणि म्हणाल्या, "हे पाण्यानं झालंय. तुम्ही पेस्टेनं घासून हे जायचं नाही, उलट हिरड्या सोलवटल्यात. आधी हे घासणं बंद करा."

भाची खुर्चीत उठून बसली. "म्हणजे माझं काही चुकलं नाही?" तिने विचारले.

"तुमचं काय चुकणार? तुम्ही तेव्हा दोन वर्षांच्या होता."

पुढचा इलाज मी थोडक्यात सांगतो. हिरड्या बऱ्या झाल्यावर बाईंनी सौम्य केलेले आम्ल आणि प्यूमिस दगडाची पूड यांनी दातांचा वरचा अगदी पातळ थर जपून काढला, आणि मग ती साच्यांतली रात्रीची रीत काही आठवडे करवून घेतली. तपकिरी पट्टे फिके होत होत बदामी झाले. जवळून पाहिले तर अजून दिसतात, आणि मधेमधे पांढरे ठिपकेही आहेत. मुलाखत त्याआधीच झाली होती. ती नोकरी मिळाली नाही. वर्षाने दुसऱ्या बँकेत मिळाली. ओढणीचे टोक तोंडाशी जायचे मात्र त्या खुर्चीतून उठली त्या दिवसापासूनच कमी झाले. औषध तर अजून सुरूही व्हायचे होते!

पण मला खरी तळमळ लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. भाचीच्या भावाला मुलगा झाला होता. तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. आईच्या दुधात फ्लोराइड अगदीच थोडे उतरते, म्हणून तोवर तो सुरक्षित होता. आता त्याला पेज सुरू झाली होती. समोरचे कायमचे दात हिरडीच्या आत घडतात ते साधारण याच दोन-तीन वर्षांत. मी रात्रीच बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, बाळाचं पाणी आम्ही वीस मिनिटं उकळतो." मी कपाळाला हात लावला. उकळून जंतू मरतात. फ्लोराइड मरत नाही. पाणी आटते आणि ते आणखी दाट होते.

मॅकेच्या चरित्रातला एक प्रसंग मी तिला फोनवरच सांगितला. १९२३ मध्ये आयडाहो प्रांतातल्या ओकली गावच्या आयांनी त्याला बोलावले. गावाने लांबच्या एका गरम झऱ्यावरून नळ आणला आणि तेव्हापासून मुलांचे दात डागाळू लागले, अशी त्यांची तक्रार. पाण्यात काय आहे हे मॅकेला तेव्हा ठाऊक नव्हते. तरी तो म्हणाला, हा नळ सोडा आणि दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या. त्यांनी ऐकले. काही वर्षांनी त्या गावच्या धाकट्या मुलांचे कायमचे दात आले, ते डागाविना.

बहिणीने दोन बाटल्या भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. एक बोअरच्या पाण्याची, एक मारुतीमागच्या जुन्या विहिरीची. बोअरच्या पाण्यात लिटरला तीन मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघाले, विहिरीच्या पाण्यात एकाहूनही कमी. माझे मेहुणे भले गृहस्थ, पण त्यांचा विश्वास बसेना. "इतकं नितळ पाणी, आणि त्यात विष?" विहिरीत तर गावाने निर्माल्य आणि तुटक्या चपला टाकलेल्या. पुरुषमंडळी हसली. पण बायकांपैकी ज्या बाहेरून सुना म्हणून आलेल्या होत्या, त्यांनी आपल्या मुलांचे दात आपल्या दातांशेजारी ठेवून पाहिले. मग कुणाला पटवावे लागले नाही. त्या हिवाळ्यात विहीर उपसली, गाळ काढला, पोटॅशियम परमँगनेट टाकले. प्यायला आणि स्वयंपाकाला विहिरीचे पाणी गाळून-उकळून, धुण्याभांड्याला बोअर, असा बहिणीच्या घरचा रिवाज झाला. उन्हाळ्यात विहीर आटते, तेव्हा तिने तुरटी-चुन्याची रीत धरली आहे. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने बसवलेली ही नालगोंडा पद्धत. चुना इथेही आहेच.

त्याला आता सहा वर्षे होतील. मधल्या काळात मी बहिणीला दर दिवाळीला एकच प्रश्न विचारतो, आणि ती दर वेळी म्हणते, "अजून दूधदातच आहेत रे." दूधदातांवरून फारसे काही कळत नाही. त्यांचा बराचसा भाग आईच्या पोटातच घडलेला असतो.

यंदा गणपतीत तिचा फोन आला. नातवाचा खालचा दात पडला होता. तो शेणात गुंडाळून कौलांवर टाकला, आणि पंधरा दिवसांत त्या जागी नव्या दाताची कड वर आली. तिने म्हणे दारात उजेडाकडे तोंड करून त्याला उभे केले आणि चष्मा लावून पाहिले.

"दादा," ती काळजीने म्हणाली, "शेजारच्या दूधदातांपेक्षा जरा पिवळट दिसतोय हो."

"पट्टा आहे का?"

"नाही."

"ठिपके?"

"नाही. नुसताच पिवळट."

"मग असू दे पिवळट!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की स्वयंपाकघरातून सौभाग्यवती काय झाले म्हणून बाहेर आल्या.